चट्टा : दिसतो तसा आणि कळतो तसा

मावळातल्या शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हापासून दसऱ्यापर्यंत मुलांचे कपडे पुरते वाळलेले असे क्वचितच दिसतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा सोडून तळेगावच्या दिशेने निघाले की तो झपाट्याने कमी होत जातो हे खरे, पण आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या गावांतून ओल चार महिने हटत नाही. या ओलीचा हिशेब मुलांच्या अंगावर वाचता येतो. आश्रमशाळेत एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या मुलांना खरूज होते. कमरेला, जांघेत नायटा उठतो. भातलावणीला आईवडिलांबरोबर चिखलात उभ्या राहिलेल्या मुलांच्या पायांच्या बोटांत चिखल्या पडतात. मग पाऊस सरतो, हवा कोरडी होते आणि चौथी-पाचवीच्या मुलांच्या गालांवर फिकट, पांढुरके डाग दिसू लागतात.

या डागांचे निदान शिक्षकांच्या खोलीत तयारच असते. 'जंत झालेत' किंवा 'कॅल्शियम कमी पडतंय'. दोन्ही समजुतींना आधार नाही. तरी बहुतेक वेळा बिघडत काही नाही, कारण हे डाग कोरड्या पडलेल्या त्वचेचे असतात आणि काही महिन्यांत आपोआप जातात. पण अशा शेकडो निरुपद्रवी डागांमध्ये एखादा वेगळा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे मूल त्याची तक्रार करत नाही. तो ओळखायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर मिळायला फार वेळ लागला. त्यातला बराचसा भाग मुंबई, सातारा आणि वर्धा येथे घडला आहे.

मी डॉक्टर आहे तो प्रयोगशाळेतला, दवाखान्यातला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. औषधयोजना सांगण्याचा अधिकार माझा नाही. मला कुतूहल आहे ते एक खूण नेमकी कोणती हे माणसांना कसे कळले याचे.

सुरुवातीला सगळ्यांना मिळून एकच शब्द होता. सुश्रुतसंहितेत आणि चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत दद्रू आहे, म्हणजे साधारणपणे आपला नायटा. पामा आहे, ती खरजेशी जुळते. विचर्चिका आहे, ती इसबासारखी. आणि याच अठरांमध्ये बोटे झडवणारा आजारही आहे. आज आपण जंतू, बुरशी, कीटक अशा कारणांवरून रोग वेगळे करतो. तेव्हा कातडीवर काय दिसते त्यावरून करत होते. तरीही सुश्रुताने कुष्ठाच्या लक्षणांत 'स्पर्शहानि' नोंदवली आहे. म्हणजे खूण सापडलेली होती, पण ती इतर पंधरा-वीस लक्षणांच्या गर्दीत उभी होती.

मराठीतही शब्दांचा असाच गोंधळ राहिला. महारोग, रक्तपिती, कोड हे शब्द बोलताना एकमेकांत मिसळत. कोडात त्वचेचा रंग जातो, बाकी काहीही होत नाही. तो संसर्गाचा आजार नव्हे. पण 'श्वेतकुष्ठ' या नावाने त्याला कुष्ठाच्या पंक्तीत बसवले गेले. इंग्रजांच्या काळात जनगणना सुरू झाली तेव्हा अंध, मूकबधिर यांच्याबरोबर कुष्ठरोग्यांचीही मोजदाद होऊ लागली. मोजणारे कोण, तर तलाठी, कुलकर्णी आणि शाळामास्तर. कोड असलेली माणसेही कुष्ठरोगी म्हणून मोजली जात असल्याचे लक्षात आल्यावर त्यांना वगळावे अशा सूचना गणकांना द्याव्या लागल्या. एका चुकीच्या खुणेने घराण्याच्या सोयरिकी मोडत होत्या, आणि ती खूण लिहिणारा गावचा मास्तर असे. आजच्या शिक्षकाने हा आपल्याच व्यवसायाचा इतिहास म्हणून वाचायला हरकत नाही.

ज्यांनी कातडीच्या आत पाहिले त्यांत हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे नाव घ्यावे लागते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना 'ग्रेज अॅनाटॉमी' हे पुस्तक माहीत असते. १८५८ साली निघालेल्या या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतली तीनशेहून अधिक चित्रे कार्टर यांनी काढली. पुस्तक गाजले, नाव ग्रे यांचे झाले. चित्रकाराला एकरकमी मोबदला मिळाला आणि पुढच्या विक्रीतला वाटा नाही. पुस्तक बाजारात येण्याआधीच कार्टर मुंबईला आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवत आणि जे. जे. रुग्णालयात काम करत. तिथे कुष्ठरोगाने खंगलेली माणसे येत आणि दगावत. कार्टर यांनी त्यांच्या मृतदेहांची चिकित्सा केली आणि ज्या बारकाईने निरोगी शरीराची चित्रे काढली होती त्याच बारकाईने रोगट शरीराची काढली.

त्यांना दिसले ते असे. हातापायांच्या चेता, म्हणजे बोलीत ज्यांना आपण नसा म्हणतो त्या, जागोजागी सुजून जाड झालेल्या होत्या. कोपराच्या आतल्या बाजूला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती चेता सर्वांना ठाऊक आहे. तीच या रुग्णांमध्ये दोरीसारखी फुगलेली असे. नॉर्वेतल्या डॉक्टरांनीही चेतांमधला हा बदल आधी नोंदवला होता. कार्टर यांनी मुंबईतल्या शवविच्छेदनांच्या आधारे तो १८६०च्या दशकाच्या आरंभीच तपशिलाने मांडला. बोटे झडणे, जखमा होणे, हात आखडून नखीसारखा होणे, हे सगळे मुळात कातडीचे नव्हे, चेतांचे दुखणे आहे असा त्याचा अर्थ होता. चेता बधिर झाली की चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते आणि माणूस तिच्यावर उभा राहून काम करत राहतो. बोटे रोग खात नाही. वेदना नसल्यामुळे ती वापरून वापरून झिजतात.

१८६३ साली कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेले. त्याच वर्षी खंडाळ्याच्या बाजूने बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई देशाशी जोडली गेली. साताऱ्याच्या जवळजवळ दहा वर्षांत त्यांनी हा अभ्यास सोडला नाही.

याच काळात मुंबईत दुसऱ्या दिशेने प्रयत्न करणारे एक मराठी डॉक्टर होते, भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर. प्राचीन शिलालेखांचे वाचन आणि मुंबईचे संग्रहालय यांमुळे त्यांचे नाव आपल्याला माहीत असते. कुष्ठरोगावर ते कडूकवठीच्या बियांच्या तेलाचा वापर करत. कडूकवठ हे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातले झाड, सुश्रुतातल्या 'तुवरका'शी त्याची जात जुळवली जाते. भाऊंकडे रुग्णांची रीघ लागे. मात्र उपचाराची सारी कृती त्यांनी रीतसर प्रसिद्ध केली नाही आणि १८७४ मध्ये ते वारले. या गोष्टीची मला नेहमी चुटपुट लागते. औषध किती गुणकारी होते हे ठरवायला त्यांच्याइतका योग्य माणूस तेव्हा मुंबईत दुसरा नव्हता. पुढे हीच तेले सुईवाटे देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. गुण थोडा, यातना फार, अशी ती होती.

१८७३ च्या फेब्रुवारीत नॉर्वेतल्या बर्गन गावी गेरहार्ड आर्मावर हॅन्सेन यांना कुष्ठाच्या गाठीतल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे काहीतरी दिसले. माणसाच्या दीर्घकालीन आजारामागे जीवाणू असल्याचे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निरीक्षणांपैकी हे एक. क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला. कार्टर त्याच वर्षी रजेवर होते. ते नॉर्वेला गेले, हॅन्सेन यांना भेटले आणि हा आजार आनुवंशिक नसून संसर्गाचा आहे या मताचे जोरदार पुरस्कर्ते झाले. नॉर्वेत रुग्णांची नोंदवही होती आणि आश्रमांत त्यांना वेगळे ठेवले जाई. हिंदुस्थानातही तसे करावे असा अहवाल कार्टर यांनी दिला.

या जीवाणूची चाल समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होते. आतड्यातला साधा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला त्यासाठी बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत तो अजूनही वाढवता आलेला नाही. १९७१ साली तो आर्माडिलो या अमेरिकन प्राण्यात वाढला, कारण त्या प्राण्याचे शरीर थंड असते. शरीराच्या थंड भागातच याला रस. त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीलगत धावणाऱ्या चेता ही त्याची घरे. शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास माणसांची प्रतिकारशक्ती त्याला मुळात थाराच देत नाही.

कार्टर यांच्या शास्त्रातून धोरणात गेले ते मात्र 'वेगळे ठेवा' एवढेच. 'चेता पाहा' हा भाग मागे राहिला. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ यांनी रस्त्यावर पडलेल्या बेघर रुग्णांसाठी माटुंग्याला आश्रम उघडला. वडाळ्याचे आजचे अॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. मराठीच्या शिक्षकांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापणारे अॅक्वर्थ तेच. मावळ्यांचे पोवाडे गोळा करणारा अधिकारी आणि कुष्ठधामाचा संस्थापक एकच माणूस असावा, ही गंमत मला फार आवडते.

त्यानंतर आला १८९८ चा कायदा. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलिसांनी पकडून आश्रमात टाकावे अशी त्यात तरतूद होती. त्यातली व्याख्या पाहण्यासारखी आहे. या कायद्याच्या दृष्टीने कुष्ठरोगी कोण, तर ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे तो. म्हणजे रोग शेवटच्या पायरीवर पोचला की कायद्याला तो दिसणार. आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावरचा रुपयाएवढा फिकट चट्टा या व्याख्येत कुठेच बसत नाही. आणि उपचाराने सारे थांबवता येईल अशी वेळ तर तीच असते. हा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून काढून टाकायला २०१९ उजाडले.

१९४० च्या दशकात डॅप्सोन आणि त्याच्या जातीची औषधे आली आणि पहिल्यांदाच या रोगावर खात्रीचा इलाज हाती आला. गोळी घरी बसून घेता येते म्हटल्यावर आश्रमाचे कारणच उरत नव्हते. महाराष्ट्रात तोवर सेवेची मोठी परंपरा उभी राहिली होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ पासूनचे. या कामांबद्दल खूप लिहिले गेले आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिले ते वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे डॉ. वारदेकर. ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. वारदेकरांची पद्धत तीन शब्दांची होती : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रुग्ण येण्याची वाट पाहायची नाही. गावातल्या प्रत्येक माणसाचे अंग उजेडात तपासायचे, लोकांशी बोलायचे, सापडलेल्यांना त्यांच्या घरीच औषध द्यायचे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली.

तिच्यातून एक नवा माणूस तयार झाला, तो म्हणजे कुष्ठरोग तंत्रज्ञ. पिशवीत कापूस, पीस, नोंदवही घेऊन सायकलवरून तो गावोगाव जाई आणि शाळा हा त्याचा हमखास मुक्काम असे. मुलांना सदरे काढून रांगेत उभे करून तपासणारा हा माणूस पन्नाशीच्या पुढच्या शिक्षकांना आठवत असेल. कार्टर यांनी सुरीने जे शोधले होते ते आता कापसाच्या वातीने, जिवंत मुलाच्या दंडावर, रोग कोवळा असतानाच शोधता येऊ लागले.

ही परीक्षा अशी. मुलाला आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या त्वचेवर कापसाच्या टोकाने हलकेच टेकवून दाखवायचे आणि 'लागलं तिथे बोट ठेव' असे सांगायचे. मग डोळे मिटायला लावून कधी चट्ट्यावर, कधी बाजूला टेकवायचे. कापूस फिरवायचा नाही, नुसता टेकवायचा. बाजूचा स्पर्श दर वेळी कळतो आणि चट्ट्यावरचा पुन्हापुन्हा निसटतो, असे झाले तर चेता बाधित आहे. तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. त्याच्या मर्यादा मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. चेहऱ्यावर चेतांचे जाळे दाट असल्याने तिथल्या चट्ट्यात स्पर्श टिकून राहू शकतो. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यातही बधिरपणा नसतो. आणि लहान मूल कंटाळले की कुठेही बोट ठेवते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की शिक्षकाने ही परीक्षा समजून घ्यावी, पण वर्गात करू नये, आणि स्पर्श कळला म्हणून निर्धास्तही होऊ नये. स्पर्शहानी असेल तर ती बरेच सांगते. नसण्याने फारसे काही ठरत नाही.

मग शिक्षकाने पाहायचे काय? आधी रंग. कुष्ठाचा चट्टा दुधासारखा पांढरा कधीच नसतो, तो आसपासच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो. पांढराशुभ्र असेल तर कोड, आणि कोडाने मूल कुणाला काही देत नाही. जन्मापासून असलेला डाग हा कुष्ठ नव्हे. गालावरचे हिवाळी डाग पुसट कडेचे, बारीक कोंडा असलेले आणि बहुधा दोन-चार असतात. मोठ्या मुलांच्या मानेवर, छातीवर, पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले आणि नखाने खरवडले की भुसा निघणारे शिबे एका यीस्टमुळे येते. नायट्याची कड उठलेली आणि खाजरी, मध्यभाग निवळलेला. या सगळ्यांपेक्षा वेगळा तो एकटादुकटा, न खाजणारा, महिनोन्महिने तसाच राहिलेला चट्टा. त्यावरची लव विरळ असते. खेळून आलेल्या मुलाचे सगळे अंग घामाने ओले आणि तेवढी जागा कोरडी, असेही कधी दिसते, कारण घर्मग्रंथींचा ताबाही चेतांकडेच असतो. असा चट्टा, हातापायाला मुंग्या, हातातून पेन्सिल निसटणे, भाजल्याचा फोड मुलाला न कळणे, यांतले काहीही दिसले तर पाठवावे. घरात कुणाला हा आजार होऊन गेला असेल तर आणखी लवकर.

शाळेत रोज दिसणारे त्वचाविकार अर्थातच दुसरे आहेत. खरजेबद्दलची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते हे इटलीत १६८७ मध्येच लिहिले गेले होते, पण विद्वानांनी ते मानले नव्हते. १८३४ मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला. ही कला तो आपल्या कॉर्सिका बेटावरच्या खेड्यातल्या बायकांकडून शिकला होता. खरूज रात्री जास्त खाजते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती असते आणि घरातल्या एकट्याला कधी होत नाही. म्हणून औषध सगळ्या घराने, आश्रमशाळेत सगळ्या खोलीने, एकाच दिवशी लावावे लागते. खाजवून पू झाला तर मात्र थांबू नये. त्या पुवातल्या जंतूंचा त्रास पुढे मूत्रपिंडांना होऊ शकतो. पूमय खरजेनंतर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापात अंगावर आलेले लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके होत नसतील तर तासाचाही विलंब नको. नायट्याचे म्हणाल तर तो आता पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि आत बुरशी फोफावते. २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी ती मिळतात. डोक्यात केस झडून चकंदळ पडले असेल तर मलमाने भागत नाही, पोटात औषध लागते.

पुन्हा चट्ट्याकडे येऊ. डॅप्सोन एकट्यानेच वापरत राहिल्याने जंतू त्याला सरावले. मग जागतिक आरोग्य संघटनेने १९८१-८२ मध्ये अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. देशात ती पहिल्यांदा राबवली गेलेल्या जिल्ह्यांत पश्चिम बंगालमधले पुरुलिया आणि आपला वर्धा होते. यातल्या रिफाम्पिसिनच्या एकाच मात्रेने जवळजवळ सगळे जंतू मरतात. त्याच काळात नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. त्या स्त्रिया चट्टे ओळखू लागल्या, आणि रुग्णांना वेगळा दवाखाना न ठेवता इतरांच्याच रांगेत बसवले गेले. कॉर्सिकातल्या बायकांची इथे आठवण व्हावी. नजर शिकवता येते, तिला पदवी लागत नाही.

१९८० च्या सुमारास देशात दर दहा हजार लोकांमागे पन्नासाहून अधिक नोंदलेले रुग्ण होते. २००५ च्या डिसेंबरात हा आकडा एकाच्या खाली आला आणि 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. यश खरोखर मोठे आहे. पण गणिताच्या शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना अवश्य करून दाखवावी. समजा, एका भागात दर वर्षी शंभर नवे रुग्ण सापडतात. उपचार दोन वर्षे चालत असेल तर कोणत्याही दिवशी वहीत दोनशे नावे असतील. उपचार एका वर्षावर आणला की नावे शंभर. सहा महिन्यांवर आणला की पन्नास. नव्याने आजारी पडणाऱ्यांत एकही कमी झाला नाही, आकडा मात्र चौथाई झाला. आपल्याकडची घट काही अंशी अशीही आहे, कारण याच वर्षांत उपचाराचा काळ कमी होत गेला.

निर्मूलन जाहीर झाले आणि सायकलवरचा तंत्रज्ञ दिसेनासा झाला. वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, शाळांतली ती तपासणी थंडावली. आजही देशात वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. त्यांत शंभरामागे पाचांच्या आसपास मुले असतात. मुलाला चट्टा दिसतो याचा अर्थ त्याच्या जवळपास अजून न सापडलेला मोठा माणूस आहे. म्हणजे एका मुलाला पाठवले की तपासणी त्याच्या घरापर्यंत पोचते. आता घरातल्या इतरांना प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याचीही सोय झाली आहे.

मावळात पाठवायचे तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पुरे आहे, मग ते कार्ल्याचे असो, खडकाळ्याचे असो वा टाकव्याचे. पुढची गरज पडली तर कान्हे फाट्याचे सरकारी रुग्णालय आहे, पुण्यात ससूनचा त्वचारोग विभाग आहे. शाळेत वर्षातून येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही ते मूल वेगळे दाखवता येते. औषधे सर्व सरकारी केंद्रांत फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात.

चिठ्ठी कशी लिहायची, हा प्रश्न शिक्षक विचारतात. तिच्यात रोगाचे नाव लिहू नये. 'डाव्या दंडावर फिकट चट्टा, सुमारे चार महिन्यांपासून, खाजत नाही, कृपया त्वचेची संवेदना तपासावी' एवढे पुरते. डॉक्टर तरुण असेल आणि त्याने असा चट्टा फारसा पाहिला नसेल, तर शेवटचे तीन शब्द त्याच्याही उपयोगी पडतील. चिठ्ठी मुलाच्या हाती न देता आईच्या किंवा वडिलांच्या हाती द्यावी, तीही वर्गाबाहेर. निदान झाले तरी मुलाला एक दिवसही घरी बसवण्याचे कारण नाही; पहिल्या मात्रेनंतर त्याच्यापासून इतरांना धोका उरत नाही. रिफाम्पिसिनच्या दिवशी लघवी तांबडी होते, त्याने घाबरू नये. क्लोफाझिमिन या औषधाने अंगाचा रंग काही महिने काळसर-तांबूस होतो आणि औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत येतो. या काळात मुले चिडवतात. त्यांना कारण सांगायचे की नाही, आणि काय सांगायचे, हे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवावे.